जंगलाची लांबवलेली कड

इंग्लंडमधील केंब्रिजशायर परगण्यात मंक्स वुड नावाचे एक जुने जंगल आहे. १९६१ साली या जंगलाला लागून असलेले सुमारे चार हेक्टरांचे बार्लीचे शेत शेवटचे नांगरले गेले आणि त्यानंतर त्याच्याकडे मुद्दाम पाठ फिरवण्यात आली. माणसाने हात लावला नाही तर येथे पुन्हा जंगल होईल का, त्याला किती काळ लागेल आणि त्यात कोणती झाडे असतील, एवढेच तेथील संशोधन केंद्राचे संचालक केनेथ मेलनबी यांना पाहायचे होते. त्या जागेत कोणी रोप लावले नाही, पाणी घातले नाही, कुंपणही घातले नाही. हवाई सर्वेक्षण आणि जमिनीवरील मोजणी यांच्या आधारे या प्रयोगाचा लेखाजोखा २०२१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या शेताच्या जागी फांद्यांना फांद्या भिडलेले पक्के जंगल उभे होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक झाडे ओकची होती.

ओकचे फळ जड असते आणि ते वाऱ्याने उडत नाही. मग चार हेक्टरांत ओक पसरला कसा, याचे उत्तर ‘जे’ नावाच्या पक्ष्यात आहे. हा कावळ्याच्या कुळातील पक्षी शरद ऋतूत हिवाळ्याच्या बेगमीसाठी ओकची हजारो फळे मोकळ्या जमिनीत एकेक करून पुरून ठेवतो. त्यातील बरीचशी तो पुढे उकरून खातो, पण काही राहून जातात आणि तीच रुजतात. दुसरे काम काटेरी झुडपांनी केले. ब्लॅकथॉर्न आणि हॉथॉर्न यांच्या बिया पक्ष्यांच्या विष्ठेतून येऊन पडल्या, त्यांची जाळी माजली आणि त्या जाळीत हरणांचे व सशांचे तोंड न पोहोचल्यामुळे ओकची रोपे वाचली. काटेरी झुडूप ही ओकची आई, असे तिकडील जुने वनपाल म्हणत. वनीकरणाच्या सरकारी पत्रकांपेक्षा हे एक वाक्य मला अधिक शास्त्रीय वाटते.

मात्र या प्रयोगाच्या यशाची एक अट दुर्लक्षून चालत नाही. हे शेत जुन्या जंगलाला चिकटलेले होते. बी देणारी झाडे, ते वाहणारे पक्षी आणि झाडांच्या मुळांशी भागीदारी करून त्यांना पाणी व क्षार पुरवणाऱ्या बुरशा हे सारे बांधापलीकडे तयार होते. नवे जंगल शून्यातून उगवले नव्हते. जुन्या जंगलाने आपली कड पुढे सरकवली होती.

म्हणून ब्रिटनमध्ये जुन्या जंगलाला वेगळी कायदेशीर व शास्त्रीय ओळख दिलेली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये इ. स. १६०० पासून, तर स्कॉटलंडमध्ये १७५० पासून जेथे अखंड जंगल आहे, अशा जागेला प्राचीन वन म्हणतात. ही वर्षे निवडण्याचे कारण साधे आहे. त्यापूर्वी झाडे मुद्दाम लावण्याची पद्धत फारशी नव्हती, त्यामुळे त्या काळी असलेले जंगल बहुधा निसर्गतःच आलेले असणार, असे मानता येते. युनायटेड किंग्डमच्या भूमीपैकी सुमारे १३ टक्के भाग आज वृक्षाच्छादित आहे, पण प्राचीन वन त्यातील फारच थोडे, म्हणजे एकूण भूमीच्या जेमतेम अडीच टक्के आहे.

प्राचीन वनाचे वैशिष्ट्य झाडांच्या वयात असते, असा समज होणे स्वाभाविक आहे, परंतु तेथील झाडे कित्येकदा कोवळीच असतात. शतकानुशतके लोक हेझलसारखी झाडे दर काही वर्षांनी बुंध्यापाशी तोडत आणि त्याच खोडाला फुटणारे सरळ धुमारे पुन्हा वाढू देत. या पद्धतीला कॉपिसिंग म्हणतात. वरचे लाकूड दहा वर्षांचे आणि खालचे मूळ कित्येक शतकांचे, अशी तेथील स्थिती असते. खरी पुरातन असते ती माती. ती कधी नांगरली गेलेली नाही आणि तिच्यात सडक्या पानांचे, बुरशांचे व कंदांचे थर शाबूत आहेत. वुड ॲनिमोनी हे वसंतातील छोटे पांढरे फूल प्रामुख्याने जमिनीखालच्या खोडाने पसरते आणि त्याची चाल शंभर वर्षांत सुमारे दोन मीटर एवढी असते. काही वनफुलांच्या बिया मुंग्या वाहून नेतात, आणि मुंगीचा पल्ला काही मीटरांचाच असतो. एखाद्या शेतात उद्या हजार ओक लावले आणि शेजारी जुने जंगल नसले, तर ही फुले तेथे आपल्या नातवंडांच्या हयातीतही चालत येणार नाहीत.

हे ज्ञान उशिरा आले. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग अडल्यावर ब्रिटनला लाकडाची टंचाई जाणवली, तेव्हा देशात वृक्षाच्छादन केवळ पाच टक्क्यांच्या आसपास उरले होते. १९१९ साली वन आयोग स्थापन झाला आणि लवकर वाढणारे सूचिपर्णी वृक्ष, विशेषतः उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिटका स्प्रूस, मोठ्या प्रमाणावर लावले गेले. आकडा वाढला, पण त्यासाठी अनेक प्राचीन वनांतील ओक व ॲश तोडून त्यांच्या जागीच सूचिपर्णींच्या रांगा उभ्या करण्यात आल्या. या झाडांची गर्द सावली बारमाही असते, त्यामुळे वसंतात पाने फुटण्यापूर्वीच्या उन्हावर जगणारी वनफुले खाली गुदमरतात. १९८५ साली धोरण बदलले आणि रुंदपर्णी देशी वृक्षांना संरक्षण मिळाले. सुदैवाने अशा लागवडीखाली जुन्या मातीतील कंद व खोडे बऱ्याच ठिकाणी तग धरून असतात. परदेशी झाडे एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने विरळ केली, की खालची वनस्पती सावकाश परत येते. एकदम तोडली, तर गवत आणि काटेरी बेरीची झुडपे आधी मुसंडी मारतात.

आता जंगलाच्या कडेकडे वळू. ब्रिटनच्या शेतांभोवती झुडपांची जी जिवंत कुंपणे असतात, त्यांना आपल्याकडील वई हा शब्द चपखल बसतो. वई म्हणजे एका अर्थी जंगलाची कडच, फक्त ती जंगलापासून सोडवून शेताशेतांतून लांबवर ओढत नेलेली. काही कुंपणे तर शब्दशः तशीच निर्माण झाली: भोवतालचे जंगल तोडताना सीमेवरची एक पट्टी राखली गेली. बहुतेक मात्र लावलेली आहेत. १७५० ते १८५० या शतकात ब्रिटिश संसदेने सामाईक जमिनी खासगी शेतांत वाटण्याचे कायदे एकामागून एक केले आणि त्या काळात सुमारे दोन लाख मैल लांबीची हॉथॉर्नची कुंपणे लावली गेली, असा अंदाज आहे. गरीब शेतकऱ्याची चराऊ जमीन गेली आणि पक्ष्यांना घर मिळाले, हा या इतिहासातला विचित्र हिशोब आहे.

वईचे वय ओळखण्याची एक सोपी युक्ती मंक्स वुड येथेच काम करणाऱ्या मॅक्स हूपर यांनी सुचवली. लागवडीचा काळ कागदोपत्री ठाऊक असलेली २२७ कुंपणे तपासून त्यांनी सांगितले, की तीस यार्ड लांबीत जितक्या जातींची झाडे-झुडपे सापडतात, तितकी शतके ते कुंपण जुने असते. नव्या जाती शतकाला एक या गतीने येऊन रुजतात, हे त्यामागील तर्कशास्त्र. हा ठोकताळा सरसकट लागू पडत नाही; अलीकडे पाच-सहा जाती मिसळून लावलेले कुंपण या हिशोबाने पाचशे वर्षांचे ठरेल. तरीही त्याने लोकांना कुंपणाकडे दस्तऐवज म्हणून पाहायला शिकवले, ही त्याची खरी कामगिरी.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या यंत्रांना मोठी शेते हवी होती. सरकारने अधिक धान्यासाठी कुंपणे उपटायला अनुदान दिले आणि देशातील सुमारे निम्मी कुंपणे नाहीशी झाली. उरलेली तरीही कमी नाहीत: २०२४ साली लेझरच्या साहाय्याने केलेल्या हवाई मोजणीत एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे ३,९०,००० किलोमीटर कुंपण आढळले, म्हणजे विषुववृत्ताभोवती जवळजवळ दहा फेऱ्या.

या अरुंद पट्टीत काय मावते, हे डेव्हन परगण्यातील एका निरीक्षणातून दिसते. तेथील एका पर्यावरणतज्ज्ञाने ८५ मीटर लांबीच्या एकाच कुंपणातील नुसत्या डोळ्यांना दिसणारे सजीव मोजले, तेव्हा संख्या २,०७० जातींवर गेली. वटवाघळांचे उदाहरण तर फारच उद्बोधक आहे. हॉर्सशू वटवाघळे अतिशय उच्च वारंवारतेचा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. असा आवाज हवेत फार लवकर विरतो, त्यामुळे त्यांना काही मीटरांपलीकडचे नीट कळत नाही आणि मोकळे शेत त्यांच्यासाठी अंधारी पोकळी ठरते. वईच्या कडेकडेने उडाले, तर प्रतिध्वनीचा आधार सतत मिळत राहतो. हेझल डॉरमाऊस हा मूठभर आकाराचा, झाडांवर राहणारा प्राणी उन्हाळ्यात जमिनीवर क्वचितच उतरतो. एका जंगलातून दुसऱ्यात जायला त्याला फांद्यांचा अखंड पूल लागतो. इ. स. २००० पासून ब्रिटनमधील त्याची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटली आहे.

कुंपणाचा शेतकऱ्याला काय उपयोग, हा प्रश्न रास्त आहे. वेल्समधील पाँटब्रेन येथे काही मेंढपाळ शेतकऱ्यांनी मेंढ्यांना वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून उतारावर झाडांचे पट्टे आणि कुंपणे लावली. काही वर्षांनी संशोधकांनी तेथील माती तपासली, तेव्हा कोवळ्या झाडांखाली पाणी मुरण्याचा वेग शेजारच्या चराऊ गवताच्या तुलनेत साठपटीपर्यंत आढळला. मेंढ्यांच्या खुरांनी माती दाबून घट्ट झालेली असते. मुळे आणि गांडुळे तीत पुन्हा वाटा पाडतात. उतारावर आडव्या असलेल्या वईमुळे वाहून जाणारे पाणी आणि माती अशी दोन्ही अडतात, आणि खालच्या गावातील पुराचा जोर तेवढा कमी होतो.

कुंपण लावून विसरले, तर ते कुंपण राहत नाही. छाटणी केली नाही तर झुडपांची उंच झाडे होतात आणि तळाशी भगदाडे पडतात. ट्रॅक्टरला जोडलेल्या यंत्राने दरवर्षी एकाच उंचीवर छाटले, तर फांद्यांच्या टोकांना गाठी येऊन झुडूप झिजते. हॉथॉर्नला फुले व फळे मुख्यतः मागील वर्षीच्या लाकडावर येतात. वार्षिक छाटणीने ती फळे जातात आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे कस्तूर पक्षी उपाशी राहतात. ब्राऊन हेअरस्ट्रीक हे फुलपाखरू ब्लॅकथॉर्नच्या कोवळ्या डहाळ्यांवर अंडी घालते आणि ती अंडी हिवाळाभर तेथेच असतात, त्यामुळे यंत्र फिरले की पुढची पिढीच संपते. दोन-तीन वर्षांआड छाटणी करणे आणि दर वेळी थोडी उंची वाढू देणे, एवढा बदलही पुरेसा ठरतो. भगदाडे पडलेल्या कुंपणावर जुना उपाय आहे तो खोडे आडवी करण्याचा. आखूड कोयत्याने बुंध्यापाशी खोड जवळजवळ पूर्ण कापतात, साल आणि तिच्यालगतचे ओले लाकूड एवढीच चिवट पट्टी राखतात आणि खोड तिरके लववून खुंटांत विणतात. पाणी व अन्न नेणाऱ्या वाहिन्या याच पट्टीत असल्याने खोड जगते आणि कापलेल्या बुंध्यातून नवे धुमारे सरळ वर येतात. इंग्लंड व वेल्समध्ये १९९७ पासून शेतावरील बहुतेक जुनी कुंपणे परवानगीशिवाय उपटता येत नाहीत, आणि इंग्लंडमध्ये २०२४ च्या नियमांनुसार १ मार्च ते ३१ ऑगस्ट या विणीच्या काळात ती छाटण्यासही सर्वसाधारणपणे मनाई आहे.

जुने जंगल जवळ नसेल तेथे लागवड करावीच लागते, आणि ती डोळसपणे करण्याचे धडे ब्रिटनला महागात पडले आहेत. १९८० च्या दशकात करसवलतीमुळे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फ्लो कंट्री या विस्तीर्ण दलदलीत पाणी काढण्यासाठी चर खणून सूचिपर्णी लावले गेले. दलदल कोरडी पडली, की पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या थरात, हजारो वर्षे साठलेला कार्बन सुटू लागतो. आता तीच झाडे काढून चर बुजवले जात आहेत. दुसरा धडा ॲशचा. पूर्व आशियातून आलेल्या बुरशीमुळे होणारा ॲशचा मरगळ रोग ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रथम नोंदला गेला तो नेदरलँड्समधून आणलेल्या रोपवाटिकेतील रोपांवर. बुरशीचे बीजाणू वाऱ्यानेही इंग्लिश खाडी ओलांडून आलेले होते, परंतु देशात मुबलक उगवणाऱ्या झाडाची रोपे परदेशातून विकत आणण्यात काय शहाणपण होते, हा प्रश्न उरतोच.

याउलट दक्षिण स्कॉटलंडमधील कॅरिफ्रान खोऱ्याचे काम पाहावे. मेंढ्यांनी बोडक्या केलेल्या या खोऱ्याच्या माथ्यावरील पीटमध्ये सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे एक धनुष्य सापडले, आणि त्याच पीटमध्ये थराथराने साठलेल्या परागकणांवरून त्या काळी तेथे कोणती झाडे होती हे वाचता आले. ती यादी हाताशी धरून, आसपासच्या घळींत उरलेल्या झाडांचे बी गोळा करून, १ जानेवारी २००० रोजी स्थानिक स्वयंसेवकांनी पहिली रोपे लावली. तेथे आता वनपक्षी परतले आहेत.

कुंपणाने राखलेल्या एका झाडाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतून आलेल्या लाकडाबरोबर एल्मचा घातक बुरशीजन्य रोग ब्रिटनमध्ये शिरला आणि त्याने अडीच कोटींहून अधिक एल्म मारले. रोग पसरवणारा भुंगेरा जाड सालीच्या खोडातच अंडी घालतो. खोड सुमारे दहा सेंटीमीटर जाड होईपर्यंत तो त्याच्याकडे फिरकत नाही. एल्म मुळांपासून धुमारे काढतो, आणि ज्या वईत ते नियमित छाटले जातात तेथे खोड त्या जाडीला कधी पोहोचतच नाही. उंच एल्म दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटनसारख्या निवडक ठिकाणीच उरले आहेत, पण इंग्लंडच्या असंख्य कुंपणांत हॉथॉर्न आणि हेझल यांच्या मधोमध कंबरेएवढ्या उंचीवर एल्म दर वसंतात पालवतो.