साड्या कापून आणू नका, अख्ख्या आणा
(गोधडी शिवायला देणाऱ्यांसाठी)

आमच्याकडे येणारे बरेच जण साड्या घरीच कापून आणतात. मदत व्हावी म्हणूनच. रात्री जेवणं आटोपल्यावर पुठ्ठ्याचं माप धरून सहा-सहा इंचांचे चौकोन कापलेले असतात, रंगाप्रमाणे गठ्ठे करून रबर लावलेलं असतं. तो गठ्ठा पुढ्यात ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते बघून ‘कापायला नको होतं’ हे शब्द काढणं मला फार जड जातं. म्हणून हे पत्रक लिहिलं. साडीची घडी मोडण्याआधी वाचा.

कापण्यात बिघडतं काय? पहिली गोष्ट मायेची, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडायच्या जादा कापडाची. सहा इंचांचा चौकोन जोडल्यावर सहा इंचांचा राहत नाही. कोऱ्या कापडाला पाव इंच माया पुरते, पण वीस वर्षं नेसलेली साडी विरलेली असते, कडेचे धागे सुटत राहतात. म्हणून आम्ही चारी बाजूंनी अर्धा इंच माया धरतो. मग वर दिसतो तो पाच इंचांचा चौकोन. ३६ चौरस इंच कापडातलं २५ चौरस इंचच नजरेला येतं, बाकीचं शिवणीत जातं. ६० बाय ९० इंचांच्या एकेरी गोधडीचा घरचा हिशेब असा असतो: रुंदीत दहा, लांबीत पंधरा, झाले १५० चौकोन. प्रत्यक्षात लागतात बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६. त्या १५० चौकोनांची गोधडी ५० बाय ७५ इंचांची होते आणि पांघरली की पाय तरी उघडे राहतात, नाहीतर खांदे. ‘आणखी तुकडे देतो’ असं तुम्ही म्हणता, पण तोवर त्या साडीचं उरलेलं कापड पायपुसण्याला गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट सुताची, आणि वेळ खाते ती हीच. कापडात उभा धागा असतो, आडवा धागा असतो. त्या धाग्यांना धरून कापलेला तुकडा ताणला तरी जागचा हलत नाही. जरा तिरका कापला की तो रबरासारखा ओढला जातो. घरातली साडी गुळगुळीत, सुळसुळीत. जमिनीवर पसरून कात्री चालवली की ती सरकते आणि काप तिरका जातोच. त्यात चार घड्या घालून एकदम कापलं, तर वरचा तुकडा आणि खालचा तुकडा दोन वेगळ्या मापांचे निघतात. असे दीडशे तुकडे आले की आम्हाला प्रत्येक तुकडा उजेडात धरून सूत बघावं लागतं, पुन्हा काटकोनात आणावा लागतो. सहाचा साडेपाच होतो, कधी पाच. या कामाला आमचे दोन-तीन दिवस जातात आणि त्याची मजुरी तुमच्याकडून घ्यावी लागते. ती घेणं मला आवडत नाही.

मागच्या वर्षी गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यातून एक ताई आल्या. त्यांच्या आजीची कुणबी साडी होती, लाल चौकड्यांची, जाड सुताची. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही साडी पुन्हा लोकांपुढे आणल्यानंतर नव्या विणीच्या कुणबी साड्यांना मागणी आली, पण ही त्यातली नव्हती. ही शेतात राबलेली. धुऊन धुऊन लाल रंग पिकल्या जांबासारखा फिका झालेला. ताईंनी ती चौकोनांत कापून आणली होती. साध्या कापडात तिरका काप एकवेळ लपतो, चौकड्याच्या कापडात लपत नाही. दोन तुकडे शेजारी ठेवले की रेघ रेघेला मिळेना. त्याहून मला वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ही साडी खांद्यावर गाठ मारून नेसतात. वर्षानुवर्षं गाठ एकाच जागी पडत गेल्यामुळे तिथलं कापड आक्रसलेलं होतं, घडीच्या रेघा सुतात कायमच्या बसल्या होत्या. साडी अख्खी असती तर तो हातभर भाग तसाच उचलून मी गोधडीच्या मधोमध बसवला असता. तो चार तुकड्यांत विभागला गेला होता, आणि त्यातला एक तुकडा गठ्ठ्यात नव्हताच.

ती गोधडी आम्ही केली. चौकोन जुळवायचा नाद सोडला आणि सिद्दी बायकांची पद्धत धरली. आपल्या शेजारी कर्नाटकातल्या उत्तर कन्नडात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात मूळ आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात. त्या तुकडे आधी एकमेकांना जोडत बसत नाहीत. खाली अख्खी साडी पसरतात, कडेपासून सुरुवात करून हाताला येईल तो तुकडा कड दुमडून ठेवतात आणि धावदोऱ्यानेच बसवत बसवत आत मधोमध येतात. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणी चिंध्या लावतात, त्यांना फूल म्हणतात. या पद्धतीत लहानमोठा, वाकडातिकडा तुकडाही चालतो. ताईंची गोधडी मनासारखी झाली, पण एरवीपेक्षा अकरा दिवस जास्त लागले.

अख्खी साडी आली की काय होतं, तेही सांगते. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंपू वाजतो, चहा-पाव होतो आणि उन्हं चढायच्या आत मी साडी पडवीवर पसरते. सात ते दहा हा आमचा रंग बघायचा वेळ. ट्यूबलाइटखाली निळा आणि जांभळा एकच दिसतात, म्हणून रंगांची निवड रात्री कधीच करत नाही. आधी साडी उजेडाकडे धरून बघते: कुठे विरली आहे, कुठे खोचून खोचून झिरझिरीत झाली आहे, तळव्याखाली येऊन कुठला काठ झिजला आहे. मग फॉल उसवते. फॉलच्या आड कापडाची आतली बाजू झाकलेली असते, तिथे साडी घेतली त्या दिवशीचा रंग जसाच्या तसा सापडतो. छापील नसलेली सुती साडी दोन्ही बाजूंनी सारखीच, त्यामुळे ती पट्टी उलटी करून मी गोधडीच्या किनारीला लावते. काही ग्राहकांना त्या पट्टीवरूनच आठवतं की आईची ही साडी मुळात एवढी गर्द होती. म्हणून विनंती, फॉल घरी ओढून काढू नका. ओढला की टाक्यांच्या रेघेवर साडी फाटते.

मापाला कात्री आम्ही फारशी लावतच नाही. काठाला छोटा चिरा देतो आणि कापड फाडतो. सुती कापड आपल्या सुतावरच फाटतं, रेघ सरळ येते. फार विरलेल्या साडीला हे झेपत नाही, मग सुईच्या टोकाने एक धागा ओढून काढतो आणि पडलेल्या फटीवरून कापतो. वेळखाऊ आहे, पण दुसरा सरळ रस्ता नाही.

हिशेबही साधा आहे. सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे साधारण २१६ इंच लांब आणि ४५ इंच रुंद. तिच्यातून ६० इंचांचे तीन पट्टे निघतात आणि वारभर पदर उरतो. दोन पट्टे काठाला काठ जोडले की एकेरी गोधडीचा एक थर होतो. चार थरांना आठ पट्टे, म्हणजे तीन साड्यांत गोधडी बसते, एक पट्टा हाताशी राहतो आणि तिन्ही पदर वरच्या सजावटीला मिळतात. तुम्हाला चौकोनांचीच गोधडी हवी असेल तर तीही करतो, फक्त चौकोन आम्हाला काढू द्या.

तिथून पुढचे दोन दिवस तुम्ही येऊन बघितलंत तर वाटेल, इथे काही कामच चाललेलं नाही. पट्टे आणि पदर जमिनीवर मांडलेले असतात, मी येता-जाता त्यातला एखादा हलवते, फोटो काढते, पुन्हा हलवते. पिवळ्याशेजारी पिवळा ठेवला की दोन्ही मरगळतात. मधे विटक्या पांढऱ्याची बोटभर पट्टी आली की दोन्ही उठून दिसतात. हे आधी कागदावर काढून जमत नाही, निदान मला तरी जमलेलं नाही. ‘डिझाइन आधी दाखवा’ असं म्हणणाऱ्यांना मी मांडणीचा फोटो पाठवते, त्याआधी दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नसतं.

मांडणी ठरली की थर एकावर एक घालून कच्चे टाके घालतो आणि चौघीजणी चार कडांना बसतो. अंगुस्तान, लांब सुई, सुती दोरा. दुपारी जेवणानंतर तासभर कुणी सुई धरत नाही, कारण घामेजल्या हाताचा डाग फिक्या कापडावर राहतो.

‘मशीनवर का नाही करत, स्वस्तात होईल’ हा प्रश्न रोजचा. मशीनचा टाका नव्या कापडाला ठीक आहे. जुन्या साडीत तो घट्ट बसतो, सुईची भोकं ओळीने पडतात आणि वर्षा-दोन वर्षांत कापड त्या ओळीवर फाटतं. हाताचा धावदोरा सैल असतो, कापडाबरोबर हलतो. आता कष्ट मोजा. ६० इंच रुंदीत अर्ध्या इंचावर एक अशा १२० ओळी येतात, प्रत्येक ९० इंचांची. म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे मीटर टाके. इंचाला पाच धरले तरी ५४ हजार. ओळी एक इंचावर घेतल्या तर काम निम्मं होतं आणि मजुरीही त्या मानाने उतरते. रोजच्या वापराला एक इंच पुरतं. आईच्या, आजीच्या साड्यांची गोधडी असेल तर अर्धा इंचच घ्या असं मी सुचवते, ती पुढच्या पिढीलाही पांघरता येते.

कापूस मात्र भरत नाही. गोव्यात थंडीतल्या रात्रीही पारा विसाच्या आसपास असतो, चार थरांची ऊब पुष्कळ होते. शिवाय आपल्या दमट हवेत कापूस ओल धरतो आणि लवकर वाळत नाही.

साड्या धुऊन, खळ न घालता आणा. खळीच्या कापडात सुई अडकते आणि खळीवर कसर येते. लाल, मरून, गडद निळी साडी असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री फिरवून बघा. फडक्याला रंग लागला तर तसं सांगा, आम्ही ती वेगळी ठेवतो. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं बहुतेकांना वाटतं. कापड रंगवताना मिठाचा उपयोग असतो. रंगून झालेल्या साडीतून सुटणारा रंग मीठ धरून ठेवत नाही. सुती आणि सिंथेटिक एकत्र देऊ नका. पहिल्या धुण्यात सुती आटते, सिंथेटिक आटत नाही आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. सिंथेटिक साड्यांची वेगळी चादर करून देऊ. जरीच्या रेशमी साड्या अंगावर घ्यायच्या गोधडीत टोचतात, त्यांचं पलंगावर घालायचं आच्छादन सुंदर होतं. फाटलेली, डाग पडलेली, हळद लागलेली सुती साडी बेलाशक आणा. तशा साड्या मधल्या थरांत जातात आणि सगळ्यात मऊ त्याच असतात.

बाळाच्या दुपट्याला एकच साडी पुरते, ३६ बाय ४५ इंच, तीन थर. बाळ येण्याआधी काही आणायचं नाही अशी रीत ज्यांच्याकडे आहे, त्यांनी साडी आधी देऊन ठेवावी. आम्ही शिवून ठेवतो आणि बारशाच्या आत पोचवतो.

पावसाचंही सांगायला हवं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. त्या चार महिन्यांत गोधडी धुऊ नका. वरून सुकलेली वाटते, पण मधला थर ओला राहतो आणि आठवड्यात काळे ठिपके दिसतात. ती बुरशी सुतात शिरली की निघत नाही. गोधडी मे महिन्यात धुवा, कडक उन्हात दोन्ही बाजू वाळवा, जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नको. पावसाळ्यात चार दिवस ऊन पडलं तर बाहेर काढून वारा द्या. आमच्याकडून नेलेल्या गोधडीचा टाका उसवला किंवा एखादा तुकडा विरला, तर आणून द्या. दुरुस्तीची मजुरी पहिली दोन वर्षं घेत नाही.

पावसाळ्यात आम्ही शिवतो, पण आणखी साड्या घेत नाही. चवथीला गोधडी घरात हवी असेल तर साड्या एप्रिलअखेर पोचू द्या. एकेरीला साधारण तीन आठवडे लागतात, दुहेरीला पाच. कापलेले चौकोन आधीच तयार असतील तर तेही घेऊन या, टाकून देऊ नका. काय करता येईल ते समोर बसून ठरवू. आणि प्रत्येक साडीला कागदाची चिठ्ठी टाचणीने लावून आणा, कुणाची, कधीची. तीच नावं आम्ही गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात दोऱ्याने भरून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.