कंदुरीचा वाटा, खर्रा आणि कृपा : गावमंडळ्यांतल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

मरीमायपुढे किंवा दर्ग्यावर कंदुरीला बोकड कापला की गावाच्या रीतीने मटणाचा वाटा शेजारीपाजारी जातो. ख्रिस्ती घराने तो घ्यावा की नाही, यावर यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, अमरावतीकडच्या गावमंडळ्यांत (गावांतल्या छोट्या चर्चांत) आजही एकमत नाही. एक पाळक (पाद्री) म्हणतो, आपण देवाच्या कृपेखाली आहोत, नियमशास्त्राखाली, म्हणजे मोशेच्या जुन्या आज्ञांखाली, नाही. दुसरा बायबलातले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक उघडून पंधरावा अध्याय वाचून दाखवतो.

तो अध्याय इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमात भरलेल्या बैठकीचा. विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांची सुंता करायची का, एवढाच मूळ प्रश्न होता. सुंता नको असे ठरले. पण बैठकीने त्यांना धाडलेल्या पत्रातच चार गोष्टी वर्ज्य सांगितल्या गेल्या: मूर्तींना अर्पिलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म. शेवटच्या गोष्टीबद्दल कधीच वाद झाला नाही. पहिल्या तीन मात्र कायमच्या आज्ञा होत्या, की यहूदी आणि विदेशी भावंडांना एका पंगतीत जेवता यावे म्हणून केलेली तजवीज? अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र विदेश्यांच्या पंगतीतून मागे सरला आणि प्रेषित पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावले, हे लक्षात घेतले तर दुसरा अर्थ जास्त पटतो. त्या काळी भांडण पंगतीचेच होते.

पौल करिंथच्या मंडळीला याच विषयावर लिहितो, तेव्हा यरुशलेमच्या पत्राचा दाखलासुद्धा देत नाही. बाजारात विकले जाते ते चौकशी न करता खा, म्हणतो. कोणी जेवायला बोलावले तर वाढलेले खा. पण ‘हे देवाला वाहिलेले आहे’ असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आणि देवळातल्या पंगतीला तर बसूच नका. बायबलातल्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, मात्र पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना मूर्तींचा नैवेद्य खाण्यावरून कडक शब्दांत दटावले आहे. कृत्यांच्या पंधराव्या अध्यायाच्या हस्तलिखितांतही एकवाक्यता नाही: काही जुन्या प्रतींत गळा दाबून मारलेल्या प्राण्यांचा उल्लेखच नाही आणि आपल्याला नको ते दुसऱ्याला करू नये, ही आज्ञा जोडलेली आहे. पूर्वेकडच्या चर्चने रक्ताची बंदी धरून ठेवली. पश्चिमेकडे ती सैल पडत गेली आणि १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने तिची गरज संपल्याचे जाहीर केले. आपल्याकडे बोकडाची रक्ती शिजवणाऱ्या घरात बाप्तिस्मा झाला की बहुधा आधी रक्ती सुटते. वाट्याच्या मटणाचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तो सुटत नाही, कारण वाटा परत पाठवणे म्हणजे शेजार तोडणे. दुसऱ्याच्या विवेकाचा विचार करा, असे पौल म्हणाला तेव्हा तो शेजार जपायलाच सांगत होता, असे मला वाटते.

कृपा आणि नियमशास्त्र यांच्या नात्यावर ऑगस्टीन, ल्यूथर, कॅल्विन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडितांनी पुष्कळ लिहिले आहे; ते इथे नको. विदर्भापुरते महत्त्वाचे हे, की इथे दोन वेगळे प्रवाह आले. नागपुरात १८४५ मध्ये आलेले स्कॉटिश मिशन कॅल्विनच्या वळणाचे होते: तारण (पापातून सुटका) कृपेने, पण तारण झालेल्याला वाट दाखवायला नियमशास्त्र हवेच. वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेली अमेरिकन मिशने बरीचशी अठराव्या शतकातला इंग्रज उपदेशक जॉन वेस्ली याच्या पवित्रतेच्या शिकवणीतून निघालेली. पापक्षमेनंतर पवित्र आत्मा अंतःकरण शुद्ध करतो, हे त्यांचे सांगणे. म्हणून वऱ्हाडातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत ‘तारण’ आणि ‘पवित्रीकरण’ हे शब्द जोडीने ऐकू येतात. १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारतातली अनेक चर्चेस एक झाली, तेव्हाही वऱ्हाडातली ही मिशने बहुतांशी बाहेर राहिली.

पवित्रतेच्या शिकवणीबरोबर शिस्त आली. दारू, तंबाखू, सोन्याचे दागिने, तमाशा, रविवारचे काम, सगळे बंद. १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरकी झालेली मुले मिशनच्या कंपाउंडात वाढली, तिथेच शिकली, कामाला लागली. मिशनची नोकरी आणि मिशनचेच घर असले की रविवार पाळणे जड जात नाही. गावात दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्याला ते जमायचे कसे? आज गावमंडळ्यांत ज्याला नियमशास्त्र म्हटले जाते, त्यातला मोठा भाग मोशेचा नव्हे, कंपाउंडचा आहे. ही शिस्त टाकाऊ होती असे मुळीच नाही. मोहाच्या दारूने बुडालेली कितीतरी घरे तिच्यामुळे उभी राहिली, याची जाण ठेवली पाहिजे.

पण खर्ऱ्यापाशी ही शिस्त अडते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार केलेली ती पुडी खिशातच ठेवून माणूस उपासनेला येतो, रडून प्रार्थना करतो आणि बाहेर पडल्यावर पुन्हा पन्नी सोडतो. हवे ते चांगले करत नाही, नको ते वाईट करतो, असे रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात जो बोलतो, तो कोण? पवित्रतेच्या वळणाचे शिक्षक म्हणत आले, तो विश्वासात येण्याआधीचा माणूस. कॅल्विनच्या वळणाचे म्हणतात, तो विश्वासणाराच. पहिले खरे धरले तर खर्रा खाणारा अजून आत आलेलाच नाही. दुसरे धरले तर तो आपल्यातलाच, झगडणारा भाऊ. यवतमाळच्या सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणाच्या संस्थेत) १९५३ पासून, ती १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत, देशभरातल्या निरनिराळ्या पंथांचे विद्यार्थी शिकले. गावात मात्र हा प्रश्न एवढाच उरतो, की याला प्रभुभोजन (उपासनेतला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) द्यायचे की नाही.

आत्म्याने चालण्याचा भर महाराष्ट्रात १९०५ नंतर वाढला. त्या वर्षी जूनमध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या स्त्रियांच्या आश्रमात मोठे संजीवन, म्हणजे धर्मजागृती, झाले. मुली रात्र रात्र रडून प्रार्थना करत होत्या. अलीकडच्या घरगुती मंडळ्या त्याच वाटेने पुढे गेल्या आहेत. पण ज्या गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या प्रेरणेने चालायला सांगितले आहे, तिथे खूण म्हणून प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता अशी फळे मोजली आहेत. प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने ‘अन्य भाषा’ (न शिकलेली, अनोळखी भाषा) बोलता आली नाही म्हणून एखाद्या म्हातारीला मागे बसवणे हा सुंतेचाच नवा आग्रह आहे.

शेजारचे वातावरणही मोजले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञा आज गावोगावच्या बौद्ध वस्तीत पाठ असतात. तुमच्या प्रतिज्ञा कोणत्या, असे विचारले की ख्रिस्ती तरुण गडबडतो आणि कृपेऐवजी वर्ज्य गोष्टींची यादी सांगू लागतो. सोयाबीनच्या सवंगणीत काही मंडळ्यांनी रविवारची उपासना रात्री घ्यायला सुरुवात केली आहे. काही ठिकाणी त्या दिवशी मजुरीला गेलेल्या बायांना प्रभुभोजनाआधी अजूनही जाब द्यावा लागतो.