मार्गारेट बॅरी: धुक्याआधीचा आयरिश आवाज

आयरिश लोकगीतं गाणारी बाई म्हटली की आपल्याकडे बहुतेकांच्या कानात एन्याचा आवाज येतो. दुरून येणारा, घुमणारा, शब्द कळले नाहीत तरी चालतील असा. आवाज सुरेख आहे, पण जुना नाही. एन्या मूळची डोनेगलमधल्या ग्वीडोरची, घरात आयरिश बोलली जाणाऱ्या कुटुंबातली. तिच्या भावंडांच्या आणि मामांच्या 'क्लॅनाड' या बँडने १९८२ मध्ये एका ब्रिटिश टीव्ही मालिकेसाठी केलेलं गाणं तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचलं. मग १९८८ मध्ये एन्याचा 'वॉटरमार्क' आला. त्यात तिचाच आवाज स्टुडिओत पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवला होता. आवाजातल्या ज्या धुक्याला आपण प्राचीन समजतो, ते ऐंशीच्या दशकातल्या मल्टिट्रॅक टेपमधून निघालं आहे.

त्याआधी आयरिश लोकगायिका लोकांना आवडत त्या जवळजवळ उलट कारणांसाठी. मार्गारेट बॅरी त्यांतलीच एक.

पश्चिम किनाऱ्यावरच्या आयरिश भाषक भागांत 'शान-नोस', म्हणजे जुन्या वळणाचं, गाणं टिकून होतं. साथीला वाद्य नाही, बांधलेला ताल नाही. शब्द जिकडे नेईल तिकडे चाल लांबते, आखडते, आणि हरकती येतात त्या शब्दाच्या पोटातून. गाणाऱ्याने चेहऱ्यावर भाव आणायचे नसतात. कथा प्रेयसीच्या मरणाची असो की समुद्रात बुडालेल्या भावाची, अभिनय वर्ज्य. ऐकणारे मात्र गप्प बसत नाहीत. आपल्या मैफलीत दाद जाते तशी ओळी-ओळीला शाबासकी मिळते, क्वचित शेजारचा माणूस गाणाऱ्याचा हात धरून लयीत फिरवत राहतो. शेवटची ओळ कित्येकदा गायलीच जात नाही, साध्या बोलण्यात उरकली जाते. गाणं संपलं, आता पुढचं कोण म्हणणार, एवढाच त्याचा अर्थ.

बायकांचं गाणं मुख्यतः स्वयंपाकघरात आणि कामावर. पब हे पुरुषांचं ठिकाण होतं. त्यामुळे चांगल्या गायिका गावाला माहीत असत, गावाबाहेर नाही. हे चित्र बदललं ते ध्वनिमुद्रण यंत्रामुळे. १९३५ मध्ये सरकारने आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन केला. त्याच्या आणि पुढे बीबीसीच्या माणसांनी घरोघरी जाऊन गाणी गोळा केली. पश्चिम कॉर्कमधल्या बॅलिव्हर्नीच्या एलिझाबेथ क्रोनिन (१८७९–१९५६) यांच्याकडे आयरिश आणि इंग्रजी दोन्ही भाषांतला साठा होता. आरमा परगण्यातल्या कीडीच्या सारा मेकम (१९००–१९८३) तरुणपणी लिननच्या गिरणीत विणकाम करायच्या. त्यांच्या एका गाण्यावरूनच बीबीसीने पन्नाशीच्या दशकातल्या आपल्या लोकसंगीताच्या रेडिओ कार्यक्रमाचं नाव ठेवलं. दोघींपैकी कोणीही गाण्यावर पोट भरत नव्हतं.

मार्गारेट बॅरी भरत होती, आणि म्हणून तिची गोष्ट वेगळी. १९१७ मध्ये कॉर्क शहरात जन्म, भटक्या 'ट्रॅव्हलर' समाजातलं, रस्त्यावर वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचं कुटुंब. आजोबा बॉब थॉम्सन हे नावाजलेले पायपर (आयरिश बॅगपाइप वाजवणारे), १८९७ च्या पहिल्या 'फेश क्योल' या संगीत महोत्सवात बक्षीस मिळवलेले. मार्गारेट कोवळ्या वयातच घर सोडून बँजो घेऊन निघाली. गुरांचे बाजार, जत्रा, फुटबॉलचे सामने, जिथे गर्दी तिथे ती. बैलांच्या हंबरण्यावर आणि दलालांच्या आरोळ्यांवर मात करायची तर आवाज उघडा, कडक आणि सरळ लागतो. ती गोड गात नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

१९५१ मध्ये लोकगीतांचा अमेरिकन संग्राहक अॅलन लोमॅक्सने तिला डंडॉकमध्ये ध्वनिमुद्रित केलं. दोनेक वर्षांत ती लंडनला पोचली. लोमॅक्सच्या १९५३ च्या बीबीसी दूरदर्शन मालिकेत ती दिसली. त्या मालिकेचा निर्माता होता तरुण डेव्हिड अॅटनबरो. होय, तेच प्राणीजगतवाले. पन्नाशीच्या दशकात सुमारे चार लाख माणसं आयर्लंड सोडून गेली, त्यांतली बहुसंख्य ब्रिटनला. लंडनमधल्या कॅम्डन टाउनच्या 'बेडफर्ड आर्म्स' पबात स्लायगोचा फिडलवादक मायकेल गोर्मन आणि बॅरी यांच्याभोवती बांधकामावरचे आयरिश मजूर जमत. गावी पबात गाणं हे बाईचं काम नव्हतं. परक्या शहरात तीच बाई त्यांचं गाव झाली.

तिचं सगळ्यांत गाजलेलं गाणं 'शी मूव्हड थ्रू द फेअर'. अस्सल लोकपरंपरा म्हणून तरुण मंडळी ते भक्तिभावाने ऐकत. आता त्याचा प्रवास पाहा. डोनेगलमधली जुनी चाल, तिच्यावर पॅड्रिक कोलम या कवीने रचलेले शब्द, १९०९ मध्ये हर्बर्ट ह्यूजने पियानोच्या साथीसह छापलेली प्रत, मग जॉन मॅकॉर्मॅक या टेनर गायकाची ग्रामोफोन तबकडी. बॅरी स्वतः सांगायची की तिने ते त्या तबकडीवरूनच उचललं. संग्राहकांची जरा पंचाईतच झाली असेल. पण दोन्ही मुद्रणं लागोपाठ ऐकली तर मॅकॉर्मॅकचं गाणं दिवाणखान्यातलं वाटतं आणि बॅरीचं त्याच्याही आधीचं. परंपरा तिने कुठून घेतली यापेक्षा गळ्यात काय केलं, हे महत्त्वाचं.

बाजाराला मात्र तिच्या जातकुळीतच जास्त रस. १९५६ मध्ये अमेरिकेत निघालेल्या रेकॉर्डच्या नावात तिला 'टिंकर लेडी' म्हटलं होतं. टिंकर हा ट्रॅव्हलर लोकांना हिणवणारा शब्द.

बॅरी १९८९ मध्ये वारली. पुढल्या काळात सीडीच्या दुकानांतले 'केल्टिक' कप्पे मऊ, घुमणाऱ्या आवाजांनी भरले, तिची आठवण जाणकारांपुरती उरली. गेल्या दशकात वारं पुन्हा फिरलं आहे. कॅव्हनची गायिका लिसा ओनील तिचं ऋण उघडपणे मानते. २०१८ मध्ये तिने डब्लिनच्या 'लँकम' गटातल्या रेडी पीटबरोबर 'फॅक्टरी गर्ल' हे बॅरीच्या संग्रहातलं गाणं मुद्रित केलं: दोन खरबरीत आवाज, कडा न घासता.