तुर्कस्तानात राहणाऱ्यांसाठी ३२ दिवसांची लिरा ठेव: पात्रता, कागदपत्रं आणि हिशेब

पगार लिरामध्ये होत असेल, तर तो साध्या खात्यात पडून राहू देऊ नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये तुर्कस्तानातली वार्षिक महागाई ८५ टक्क्यांवर गेली होती. तेव्हापासून ती उतरली असली, तरी पडून राहिलेला पैसा झिजतोच. म्हणून तिथली माणसं पुढच्या महिन्याच्या घरभाड्याचे पैसेही ३२ दिवसांच्या मुदत ठेवीत टाकतात. ही सोय परदेशी माणसालाही मिळते.

आधी राहण्याचा परवाना, म्हणजे इकामेत, हातात घ्या. त्याशिवाय बँकांच्या अनेक शाखा परत पाठवतात. त्या कार्डावर ९९ ने सुरू होणारा ओळख क्रमांक असतो. कर क्रमांक कर कार्यालयात पासपोर्ट दाखवून मोफत मिळतो. सोबत पत्त्याचा पुरावा आणि तुर्की मोबाइल नंबर लागतो. पासपोर्टचं नोटरी केलेलं तुर्की भाषांतर काही शाखा मागतात. ते आधीच करून ठेवलंत तर एक फेरी वाचेल. भारतात करनिवासी असाल, तर पॅनही जवळ असू द्या.

पहिल्यांदा साधं खातं उघडतं. मग बँकेच्या ॲपमधून त्यातली रक्कम मुदत ठेवीत, म्हणजे ‘वादेली’ खात्यात, वळवायची.

आता हिशेब. १,००,००० लिरा, ४० टक्के वार्षिक दर, ३२ दिवस: व्याज साधारण ३,५०७ लिरा. जुलै २०२५ पासून सहा महिन्यांपर्यंतच्या लिरा ठेवींच्या व्याजावर १७.५ टक्के कर बँकच कापते. हाती उरतात २,८९३. त्या महिन्यात किमती ३ टक्के वाढल्या, तर तुम्ही किंचित मागेच पडलात. चाळीसचा आकडा बघून हुरळून जाऊ नका, असं मी कळकळीनं सांगते ते यासाठीच.

तिथेच खर्च करायचे पैसे या ठेवीत जरूर ठेवा. गावी पाठवायची शिल्लक मात्र वेगळी काढा. २०२३ च्या सुरुवातीला डॉलर १९ लिरांच्या आत होता, वर्षअखेरीस २९ च्या वर गेला. एवढी घसरण महिन्याच्या व्याजातून भरून निघत नाही.

ठेव विम्याची मर्यादा २०२५ साली दर बँकेत माणशी ९,५०,००० लिरा होती. ती दरवर्षी बदलते. मुदतीआधी ठेव मोडली की व्याजावर पाणी सोडावं लागतं. नव्या ग्राहकाला मिळणारा चढा ‘स्वागत दर’ ठरावीक काळापुरताच असतो. तो संपल्यावर ठेव आपोआप नूतनीकरणाला गेली, तर नेहमीचा कमी दर लागतो. म्हणून ३२ व्या दिवशी ॲप उघडून नवा दर बघा आणि मगच पुढची मुदत टाका.