साठीनंतर यूथ हॉस्टेलमध्ये मुक्काम: सदस्यत्व, कागदपत्रे आणि खालचा बेड

प्रवाशांसाठी स्वस्त मुक्कामाची हॉस्टेले चालवणाऱ्या यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाचे सदस्य होण्यासाठी कमाल वयाची अट नाही. साताऱ्याचे निवृत्त शिक्षक असोत की सांगलीच्या आजी, अर्ज तोच आणि कार्डही तेच. ज्येष्ठांची अडचण होते ती कागदावरच्या नावामुळे आणि वरच्या बेडमुळे. या दोन्ही गोष्टी निघण्याआधी घरी बसून मार्गी लावता येतात.

आधी हॉस्टेल कोणाचे आहे ते पाहा. दिल्लीच्या चाणक्यपुरीतले इंटरनॅशनल यूथ हॉस्टेल असोसिएशनचे आहे. पणजीजवळ मिरामारला आहे तशी काही हॉस्टेले सरकारी आहेत. तिथे खोलीची चौकशी थेट त्या हॉस्टेलच्या व्यवस्थापकाकडे करावी. खासगी बॅकपॅकर हॉस्टेलांचे नियम वेगळे असतात. काही ठिकाणी वयाची वरची मर्यादा असते, म्हणून पैसे भरण्याआधी नियमावली वाचाच.

असोसिएशनचे सदस्यत्व संकेतस्थळावरून घेता येते. ठरावीक मुदतीचे आणि आजीव असे प्रकार आहेत. वर्षातून एखादीच सहल होणार असेल तर मुदतीचे पुरे. पती-पत्नीने आपापले सदस्यत्व घ्यावे, एकाच्या कार्डावर दोघांचा मुक्काम गृहीत धरू नये. फोटो, ओळखपत्र, मोबाइल आणि ई-मेल हाताशी ठेवा. ई-मेल मुलाचा दिला तर कार्ड त्याच्याकडे जाते आणि काउंटरवर शोधाशोध होते. त्यामुळे कार्डाची छापील प्रत जवळ असू द्या. अर्ज सायबर कॅफेतून भरून घेत असाल तर ओटीपी येणारा फोन सोबत न्या आणि भरलेला अर्ज स्वतः वाचल्याशिवाय 'सबमिट' करू देऊ नका.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आधारवर सासरचे नाव, जुन्या कागदांवर माहेरचे. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. अर्जात नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे अगदी तशीच लिहा. आधारच चुकीचे असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, कारण सदस्यत्व कार्डावरची चूक मागाहून सुधारणे जास्त कटकटीचे. मुक्कामाला मूळ ओळखपत्र न्या: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. पॅनवर पत्ता नसतो, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवू नका. पैसे खात्यातून गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि आधी कार्यालयाशी बोला.

आता बेडचे. डॉर्मिटरीत, म्हणजे अनेकांच्या सामाईक खोलीत, बंक बेड (एकावर एक बेड) असतात आणि स्त्री-पुरुषांच्या खोल्या बहुधा वेगळ्या. गुडघे दुखत असतील तर ऑनलाइन बुकिंगवर थांबू नका. हॉस्टेलला फोन करून खालचा बेड मागा, आणि बुकिंगच्या नोंदीत तो लिहून घेतला का हेही विचारा. त्याच फोनवर चार गोष्टी विचारून घ्या: खोली कोणत्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय जवळ आहे का, रात्री दार किती वाजता बंद होते. रात्री उठावे लागत असेल तर शौचालयाचे अंतर भाड्यापेक्षा महत्त्वाचे. जोडीने राहायचे असेल तर दोघांची खोली मागा. अशा खोल्या थोड्या असतात आणि लवकर भरतात. लॉकरला कुलूप आपले न्यावे लागू शकते. औषधे उशाशी ठेवा, लॉकरमध्ये नको.

हॉस्टेलमध्ये राहणे वेगळे आणि संस्थेच्या हिमालयातल्या ट्रेकला जाणे वेगळे. ट्रेकसाठी डॉक्टरांच्या सहीचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते नुसती औपचारिकता म्हणून न घेता रक्तदाब आणि साखर खरोखर तपासून घ्या.

बेड पक्का झाल्यावरच तिकीट काढा. दिल्लीसाठी मिरज आणि साताऱ्याहून गोवा एक्सप्रेस थेट हजरत निजामुद्दीनला जाते. एकटे किंवा दोघे जात असाल तर ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांना लोअर बर्थ कोट्यातून तिकीट मागता येते. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. राज्यात एसटीने जाताना ६५ ते ७५ वयाला निम्मे भाडे आहे, ७५ वर्षांपुढे प्रवास मोफत. सवलतीसाठी वयाचा पुरावा वाहकाला दाखवावा लागतो, म्हणून ओळखपत्र बॅगेच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवा.