टेबलाखालचा बॉम्ब आणि शॉवरचा पडदा

१९३६ साली आलेल्या 'सॅबोटाज' या ब्रिटिश चित्रपटात स्टीव्ही नावाचा शाळकरी मुलगा एक पुडकं घेऊन लंडनच्या रस्त्यांवरून निघतो. पुडक्यात बॉम्ब आहे आणि तो पावणेदोनला फुटणार, हे आपल्याला ठाऊक असतं. पोराला कसलाच पत्ता नसतो. टूथपेस्ट विकणारा एक फेरीवाला त्यालाच धरून लोकांपुढे प्रात्यक्षिक करतो. पुढे मिरवणूक आडवी येते. शेवटी बस मिळते, तर तो शेजारच्या प्रवाशाच्या कुत्र्याच्या पिल्लाशी खेळू लागतो. मधूनमधून घड्याळं दिसत राहतात. आणि बॉम्ब खरोखरच फुटतो.

प्रेक्षक चिडले. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकनं पुढे स्वतःच कबूल केलं की ही आपली चूक होती. माझ्या मते थरारपटाचा सगळा इतिहास समजून घ्यायला ही चूक फार मोलाची आहे. जीव टांगणीला लावायचा, तर सुटकेची आशा दाखवावी लागते. इतका वेळ लळा लावून पोर मारलं, की पाहणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं.

उत्कंठेचं तंत्र त्याहून जुनं. १९०९ मध्येच अमेरिकी दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथनं 'द लोन्ली व्हिला'त दार फोडणारे चोर आणि घराकडे धावत सुटलेला नवरा अशी दृश्यं आलटूनपालटून जोडली होती. चित्रपटात आवाज आल्यावर दिग्दर्शक फ्रिट्झ लांगनं 'एम'मध्ये (१९३१) खुन्याला एक शीळ दिली. ती ऐकू आली, की माणूस दिसायच्या आधीच काळजात धस्स होतं.

धक्क्याची घडण वेगळी. 'कॅट पीपल'मध्ये (१९४२) रात्री एक बाई एकटी चाललेली असते, मागून सँडलांची टकटक येत असते. टकटक थांबते. ती घाबरून पळू लागते, आणि एकदम फिस्स करून बाजूनं बस येऊन उभी राहते. बस निरुपद्रवी, पण थिएटर दचकतं. निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या नावावरून या युक्तीला 'ल्यूटन बस' असंच नाव पडलं.

हा फरक सोपा करून सांगितला तोही हिचकॉकनंच, १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या प्रदीर्घ गप्पांत. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला, तर पंधरा सेकंदांचा धक्का. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला, तर टेबलावरच्या फुटकळ गप्पाही पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात.

मग याच माणसानं 'सायको'त (१९६०) नायिकेला अर्ध्या वाटेच्याही आधी कसं मारलं? तेही शॉवरखाली, कसलीही चाहूल न देता. पाऊण मिनिटाच्या त्या खुनाचं चित्रीकरण सात दिवस चाललं. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं. कृष्णधवल चित्रपटात ते चालून गेलं. हिचकॉकला तिथं संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हरमननं तरीही नुसत्या तंतुवाद्यांवर ती किंचाळी रचली, आणि ऐकल्यावर हिचकॉकनं मत बदललं. अमेरिकेत तेव्हा लोक चित्रपटाला मधूनच येऊन बसत. 'सायको' सुरू झाल्यावर मात्र कुणालाही आत सोडायचं नाही, असा नियम थिएटरांना घालून दिला होता.

मला वाटतं, तो धक्का म्हणजे हिचकॉकनं गुंतवलेलं भांडवल होतं. पुढचा सगळा चित्रपट त्याच्या व्याजावर चालतो. त्या मुलीचा शोध घेत आलेला डिटेक्टिव्ह टेकडीवरच्या घराचा जिना चढू लागतो, तेव्हा वर काय आहे याचा आपल्याला अंदाज असतो, त्याला नसतो. म्हणजे टेबलाखाली बॉम्ब आलाच, फक्त तो आधी एकदा फोडून दाखवलेला. त्यामुळे उत्तरार्धात हिंसा कमी होत गेली तरी भीती वाढतच जाते. मेलेल्या मुलीची बहीण लायला त्याच घराकडे निघते. एकदा तिचा चेहरा, एकदा जवळ येणारं घर, पुन्हा चेहरा. कुणी अंगावर येत नाही, सुरा दिसत नाही, ती नुसती चालते आहे. आणि आपण मनातल्या मनात तिला म्हणत असतो, बाई, मागे फिर.