‘आयतं मिळालं तरच घेतात’? ओरंगीला विचारा

झोपडपट्टीतले लोक स्वतः काही करत नाहीत, आयतं मिळालं तर घेतात आणि मिळालेलं मोडून टाकतात, असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. कराचीतल्या ओरंगी वस्तीने ते कधीच खोटं पाडलंय.

तिथे 1980 मध्ये अख्तर हमीद खान यांनी सुरू केलेल्या ओरंगी पायलट प्रोजेक्टने गटाराचे पाइप फुकट वाटले नाहीत. 20 ते 40 घरांची एकेक गल्ली एकत्र आली, तिने आपला प्रमुख निवडला, वर्गणी काढली, चर खणून गटार टाकलं. संस्थेने दिलं ते उताराचं मोजमाप, अवजारं आणि खर्चाचा हिशेब. ठेकेदार गळाला नि खर्च सरकारी दराच्या कैक पट खाली आला.

यावरून ‘मग सरकारने हात झटकावेत’ म्हणणारेही भेटतात. साफ चूक! घरातला संडास आणि गल्लीतलं गटार लोकांचं, मोठी मलवाहिनी आणि सांडपाण्याचं शुद्धीकरण सरकारचं, अशी ती वाटणीच होती.

राहिलं मोडतोडीचं. पुण्यात 1999 नंतर स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि महिला मिलन हे वस्तीतल्या बायकांचं संघटन यांच्या सहभागातून सार्वजनिक शौचालयं उभी राहिली. बायकांची रांग वेगळी, मुलांसाठी संडासाची छोटी भांडी, राखणदाराला राहायला खोली. अंधाऱ्या संडासात मूल पडेल ही धास्ती ज्यांनी भोगली, त्याच बायका नकाशा ठरवायला बसल्या होत्या. कुठे नासधूस दिसली, तर आधी एवढंच बघा: तिथे पाणी, दिवा आणि राखणदार होता का?